फुग्यातील संजय

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय हवाई व अवकाश वस्तुसंग्रहालयाने जून 2011 मधील एक दिवस सहकुटुंब येणाऱ्या प्रेक्षकांसाठी लष्करी बलूनांस वाहिला होता. निमित्त दीडशे वर्षांचे. जून 1861 मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या आरंभी, थॅडियस लो हे बलूनमधून सुमारे 500 फूट चढले आणि जमिनीपासून वर नेलेल्या तारेतून त्यांनी अध्यक्ष लिंकन यांस संदेश धाडला. ते उड्डाण जेथून झाले, तेथेच आज हे संग्रहालय उभे आहे. स्थळ व प्रसंग यांची अशी सांगड क्वचितच जमते; आयोजकांच्या योजकतेस आम्ही मनापासून दाद देतो.

विषयही मुलांस रमविणारा. लोखंडाचा कीस आणि पाण्यात मिसळलेले गंधकाम्ल लाकडी टाक्यांत घालून लो हे छावणीतच हायड्रोजन तयार करीत. त्या टाक्या गाड्यांवरून सैन्याबरोबर जात. एप्रिल 1862 मध्ये यॉर्कटाउनपाशी जनरल पोर्टर यांच्या बलूनचा दोर तुटला. वाऱ्याने त्यांना शत्रूच्या डोक्यावरून फिरवून पुन्हा स्वपक्षाकडे आणून सोडले. ही हकीकत ऐकून कोणते मूल हरखणार नाही?

आमचे मन अडते ते निमित्ताच्या निवडीपाशी. जूनमधील लो म्हणजे संजयच होत. दिसले ते राजास निवेदन करावे, एवढेच त्यांचे काम. परंतु 24 सप्टेंबर 1861 रोजी हेच लो आर्लिंग्टनहून हजार फुटांवर चढले, ते फॉल्स चर्च येथील दक्षिणेच्या सैन्यावर तोफांचा नेम धरविण्यासाठी. गोलंदाजांस शत्रू दिसतच नव्हता. गोळा कोठे पडला हे वरून कळवावयाचे आणि त्यावरून खाली तोफेचे तोंड फिरवावयाचे, असा तो प्रकार. दृष्टी एकाची, हात दुसऱ्याचा! संजयाची दिव्यदृष्टी अशा कामी कोणी लावली नव्हती.

वकिली पेशामुळे आम्हांस येथे हेगचा 1899 चा जाहीरनामा आठवतो. बलूनमधून गोळे व स्फोटके टाकण्यास त्याने पाच वर्षे बंदी केली. बलूनमधून पाहून दुसऱ्याकरवी गोळे टाकविण्याविषयी मात्र त्यात अक्षर नाही. अर्थात लो यांचे सप्टेंबरातील कृत्य त्या बंदीच्या कक्षेत कधीच आले नसते. कायद्याची नजर उडणाऱ्या वस्तूवर राहिली, पाहणारा निसटला.

असा दिवस पुन्हा भरला, तर जूनची तिथी खुशाल साजरी व्हावी. मात्र हायड्रोजनच्या प्रयोगाशेजारी एक साधा नकाशा मांडावा आणि त्यावर तीन ठिपके द्यावेत: एक बलूनचा, एक तोफांचा आणि एक फॉल्स चर्चचा. कोणत्या ठिपक्यावरून कोण दिसत होते, हे मुले आईबापांस आपण होऊन विचारतील.