हुंदका कुणाचा?

आपण भावगीत म्हणतो, पोवाडा म्हणतो, तेव्हा गाणे कसे असेल याची थोडीफार कल्पना नावातूनच येते. पाश्चात्त्य तरुणांच्या रॉक संगीतात गेल्या चाळीसेक वर्षांत जी दोन नावे फार चालली, त्या ‘इंडी’ आणि ‘इमो’ यांची कुळकथा मात्र जरा वेगळी आहे. ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. हे नाव सुरांविषयी काही सांगत नाही. तबकडी कुणाच्या पैशाने निघाली आणि कुणाच्या हातून दुकानात पोचली, एवढेच ते सांगते. ‘इमो’ म्हणजे इमोशनल, भावनाप्रधान. हे नाव पैशाविषयी गप्प राहते आणि काळजाविषयी बोलते. म्हणजे एक नाव विचारते, पैसा कुणाचा? आणि दुसरे विचारते, हुंदका कुणाचा? पहिल्या प्रश्नाचे उत्तर या मुलांनी फार चोख दिले. दुसऱ्याचे उत्तर देताना मात्र ती कित्येक वर्षे अडखळत राहिली, आणि त्यांच्या समीक्षकांनीही पहिल्याच प्रश्नाचा हिशेब मांडण्यात बराच काळ घालवला, असे माझे मत झाले आहे.

आधी पैशाची गोष्ट. 1977 च्या जानेवारीत मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने आप्तमित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली. कुठले गाणे कितव्या खेपेस ध्वनिमुद्रित झाले, हेदेखील त्यांनी पाकिटावर छापले. ‘यात काही जादू नाही, तुम्हीही करू शकाल,’ असाच त्याचा अर्थ होता. पुढे अशा तबकड्यांचे इतके पीक आले, की 1980 च्या जानेवारीपासून ब्रिटनमध्ये त्यांच्या खपाची निराळी यादी प्रसिद्ध होऊ लागली. यादीत येण्याची अट गाण्याच्या शैलीची नव्हती. तबकडीचे वितरण बड्या कंपन्यांच्या हातात नसावे, एवढीच होती. आपल्याकडे साठोत्तरी काळात सायक्लोस्टाइलवर लघुअनियतकालिके काढणाऱ्यांना ही गोष्ट सांगावी लागणार नाही. छापण्याचे साधन हाती आले की लिहिण्याची भीड चेपते, हा अनुभव दोन्हीकडचा आहे.

अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात 1980 साली इयन मकाय आणि त्याच्या मित्रांनी ‘डिस्कॉर्ड’ ही कंपनी काढली. ‘टीन आयडल्स’ हा त्यांचा बँड मोडला, तेव्हा कार्यक्रमांतून साठलेली रक्कम वाटून न घेता त्यांनी त्याच बँडची तबकडी काढली. पाकिटांचे कागद कापणे, दुमडणे, चिकटवणे ही कामे घरी बसून हाताने केली. मकायने पुढे गी पिचोटो वगैरे सोबत्यांसह ‘फुगाझी’ हा बँड 1987 पासून 2002 पर्यंत गाजवला. त्यांच्या कार्यक्रमाचे तिकीट बहुधा 5 डॉलर असे, आणि शाळकरी पोरांनाही आत येता यावे असा त्यांचा आग्रह असे. स्वतंत्र बाण्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला या क्षेत्रात दुसरे दिसत नाही.

‘इमो’चा जन्मही याच घरातला. 1985 पर्यंत वॉशिंग्टनच्या पंक कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या होत्या. गाण्यापेक्षा हातापायांचाच आवाज मोठा झाला होता. त्या हिंसेला कंटाळलेल्या तरुणांनी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात नवे बँड उभे केले. ‘क्रांतीचा उन्हाळा’ ही घोषणा एमी पिकरिंग या मुलीने निनावी चिठ्ठ्या पाठवून पसरवली. त्या उन्हाळ्यातला मुख्य बँड ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’. पिचोटोचे गायन आणि मकायची निर्मिती असलेला त्यांचा एकमेव अल्बम 1985 सालचा. तो ऐकताना पहिल्यांदा नुसता कल्लोळ वाटतो. दुसऱ्यांदा ऐकले की कळते, गाणारा कुणावर ओरडत नसून स्वतःतच काही शोधतो आहे. वाक्य पुरे होण्याआधी त्याचा आवाज फाटतो आणि गिटार ते वाक्य पुढे नेते. पंकमधला संताप त्यांनी सरकारावरून काढून स्वतःकडे वळवला. याला कुणीतरी ‘इमोकोर’ म्हटले. या मंडळींना ते नाव मुळीच रुचले नाही. परंतु दुसऱ्याने चिकटवलेले नाव नको म्हणून गळून पडत नाही, हे आपल्या सीमाभागात वेगळे सांगायला नको.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो. 1991 साली निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ बड्या कंपनीकडून निघाला, पुढच्या जानेवारीत तो मायकेल जॅक्सनला खाली सारून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि व्यापाऱ्यांची नजर या गल्लीबोळांकडे वळली. 1994 साली सिअ‍ॅटलच्या ‘सनी डे रिअल इस्टेट’ने ‘डायरी’ हा अल्बम काढला. दबलेल्या स्वरात सुरू झालेले कडवे अचानक किंकाळीला भिडते, ही घडण तेथून रूढ झाली. 1999 साली इलिनॉय विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांचा ‘अमेरिकन फुटबॉल’ हा अल्बम आला. त्यात किंकाळी जवळजवळ नाहीच. दोन गिटारी एकमेकींत गुंफल्या जातात, मात्रांचा हिशेब सरळ चारांचा नसतो, शब्द थोडे, आणि मधूनच एक ट्रम्पेट दूरवरून आल्यासारखे वाजते. वर्षभरात बँड मोडला, पण तबकडी हातोहात फिरत राहिली. 2014 साली ती पुन्हा निघाली तेव्हा बँडलाही पुन्हा एकत्र यावे लागले. जाहिरातीच्या बळावर असे होत नाही.

येथवर सारे कौतुकाचे आहे. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

2003 साली शिकागोच्या ‘पंक प्लॅनेट’ या नियतकालिकात जेसिका हॉपर या समीक्षिकेने एक लेख लिहिला. इमोमध्ये मुली आहेत कुठे, हा त्याचा विषय. या गाण्यांत मुलगी पानोपानी आहे. पण ती सोडून जाणारी, फसवणारी, किंवा खिडकीत उभी असलेली. तिला नाव नाही, धंदा-उद्योग नाही, तिची बाजू नाही. हॉपरला काळजी होती ती रंगमंचासमोर पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या कोवळ्या मुलींची, ज्या ही गाणी पाठ म्हणत होत्या. आणि सुरुवात तर अशी नव्हती. त्या चिठ्ठ्या धाडणारी पिकरिंग 1986 ते 1990 या काळात ‘फायर पार्टी’ या केवळ मुलींच्या बँडमध्ये गात होती, तेही डिस्कॉर्डकडूनच. म्हणजे माणसे होती. परंपरा लिहिताना ती गळली.

हा लेख वाचल्यावर मला प्रथम आठवल्या त्या ज्ञानेश्वरांच्या विराण्या. विरह सांगायचा तर पुरुष असलेला कवी स्त्रीच्या जागी जाऊन उभा राहतो, तिच्या तोंडाने बोलतो. शेजारच्या कन्नडात बाराव्या शतकातली अक्कमहादेवी चेन्नमल्लिकार्जुनाला पती मानून स्वतःच्याच तोंडाने बोलते. भक्तीची आणि रॉकची तुलना कशी करता, असे कोणी विचारील. मी भावनेची तुलना करत नाही. बोलणारा कुठे उभा आहे, तेवढेच पाहतो. विराणीतला कवी आपली जागा सोडतो. इमोमधला मुलगा जागेवरून हलत नाही, आणि जी निघून गेली तिला दुरून बोल लावतो. दुःख दोघांचेही खरे असेल. पण एकाच्या दुःखात दुसऱ्याला शिरायला वाट आहे आणि दुसऱ्याच्या दुःखाला आतून कडी आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ‘वीझर’चा 1996 सालचा ‘पिंकर्टन’. कंपनी बडी, म्हणून हा इंडी नव्हे. पण इमोवर त्याचा ठसा मोठा. प्रथम तो कुणाला फारसा आवडला नाही, नंतर त्याची पूजा झाली. नाव घेतले आहे पुचिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या 1904 सालच्या संगीतिकेतल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचे, जो जपानी पत्नीला टाकून जातो. रिव्हर्स क्वोमोने स्वतःला त्या दगाबाजाचे नाव द्यावे, हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे. परंतु पुचिनीच्या संगीतिकेत काळजाला भिडणारे गाणे बटरफ्लायच्या वाट्याला आले आहे, आणि क्वोमोच्या अल्बमात गातो तो एकटा पिंकर्टन! कबुली आहे, पण जिच्यापुढे द्यायची तिलाच बोलावलेले नाही.

उलट ज्याला शुद्धतावादी हिणवतात तो ‘माय केमिकल रोमान्स’चा 2006 सालचा ‘द ब्लॅक परेड’ घ्या. वॉर्नर समूहाचा पैसा, बँडवाल्यांचे काळे गणवेश, चेहऱ्यावर रंग. इंडीच्या कसोटीवर हे सारे नापास. पण यात जेरार्ड वे कर्करोगाने मरणाऱ्या रुग्णाच्या भूमिकेत शिरतो, आणि ‘मामा’ या गाण्यात लायझा मिनेली आईच्या भूमिकेतून त्याच्याशी गाते. सोंग घेतले म्हणून भावना खोटी ठरत नाही, हे दशावतार पाहत वाढलेल्या वाचकांना पटेल. सोंगामुळेच येथे दुसरा आवाज आत येऊ शकला.

एकोणीस वर्षांच्या मुलाने आपले दुःख आपल्या तोंडाने गायले तर त्यात वावगे काय, हा आक्षेप मला मान्य आहे. एका गाण्यात काहीच वावगे नाही. हजार गाण्यांत तोच एक जण बोलत राहिला की त्याची रीत होते, आणि रीत मुलीही उचलतात. टेनेसीच्या ‘पॅरामोर’ बँडच्या हेली विल्यम्सने अगदी कोवळ्या वयात लिहिलेले ‘मिझरी बिझनेस’ हे 2007 सालचे गाणे गाजले. त्यात दुसऱ्या मुलीला हिणवणारा शब्द होता. मोठी झाल्यावर तिला तो टोचू लागला, आणि 2018 साली तिने ते गाणे कार्यक्रमांतून काढले. 2022 साली पुन्हा घेतले. आपल्याच लोकप्रिय गाण्याला चार वर्षे घरी बसवणे सोपे नव्हे. माझ्या लेखी ती या परंपरेतली उत्तम समीक्षा आहे.

नंतर चित्र पालटू लागले. ज्युलियन बेकर, फीबी ब्रिजर्स आणि लूसी डेकस या तिघींनी ‘बॉयजीनियस’ या नावाने 2018 साली स्वतंत्र कंपनीकडून सहा गाणी काढली. 2023 सालचा त्यांचा अल्बम मात्र बड्या कंपनीकडून आला, आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्यांना तीन ग्रॅमी मिळाली. तिघी आळीपाळीने गातात. एकीचे दुःख दुसरी तोलून धरते, आणि प्रसंगी तिसरी त्याची थट्टाही करते. तक्रारीचे संभाषण झाले ते येथे.

ज्यांच्या घरात नातवंडे कानांत बोंडे घालून हे संगीत ऐकतात, त्यांनी ‘कसला हा आरडाओरडा’ म्हणून दार लोटू नये. ‘अमेरिकन फुटबॉल’पासून सुरुवात करावी, तेथून ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’कडे मागे जावे आणि मग या तिघींकडे यावे. तबकडी कुणाच्या पैशाची, हे जरूर पाहावे. पण त्याहून आधी नातवंडांना विचारावे, की या गाण्यातली ती मुलगी काय म्हणते? उत्तर आले तर उत्तमच. नाही आले, तर पुढचे गाणे कुणी लिहायचे ते तुमच्या घरातल्या कुणाला तरी कळले असेल.