रेव्ह. स्पेन्स हार्डी यांचे आक्षेप

रेव्ह. रॉबर्ट स्पेन्स हार्डी (१८०३-१८६८) हे वेस्लियन मेथॉडिस्ट पंथाचे इंग्रज मिशनरी. १८२५ साली ते श्रीलंकेत आले. ब्रिटिश सरकारने तेथील बौद्ध धर्माशी कसलाही संबंध ठेवू नये, असा आग्रह धरणारी पुस्तिका त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच सरकारने १८१५ च्या कँडी करारात बौद्ध धर्माच्या संरक्षणाचे अभिवचन दिले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे हार्डी यांचा पक्ष स्पष्ट होतो. धम्माचे खंडन करता यावे म्हणून त्यांनी धम्माचा अभ्यास केला.

तथापि, हेतू प्रतिकूल म्हणून ग्रंथही त्याज्य, असे आम्ही मानीत नाही. 'ईस्टर्न मोनॅकिझम' (१८५०) व 'मॅन्युअल ऑफ बुद्धिझम' (१८५३) हे त्यांचे ग्रंथ सिंहली हस्तलिखितांवर आधारलेले आहेत. पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली ती १८८१ साली. त्यापूर्वी इंग्रजी वाचकांस बौद्ध साहित्याचा इतका विस्तृत परिचय करून देण्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र त्यांनी बुद्धचरित्र घेतले ते तेराव्या शतकातील 'पूजावलिय' यांसारख्या भक्तिपर ग्रंथांतून. हे बौद्ध धर्माचे अर्वाचीन रूप होय, असे 'मॅन्युअल'च्या उपशीर्षकात ते स्वतःच सांगतात. पुढे 'लेजेंड्स अँड थिअरीज ऑफ द बुद्धिस्ट्स' (१८६६) या ग्रंथात त्यांनी मेरुपर्वताची कल्पना विज्ञानाच्या कसोटीवर खोटी ठरविली व त्यावरून बुद्धांची सर्वज्ञता नाकारली. मेरूचा उल्लेख पाली सुत्तांतही आहे, हे आम्ही लपवीत नाही. परंतु आपणांस सदासर्वकाळ सर्व गोष्टींचे ज्ञान असते, हा दावा मज्झिमनिकायातील तेविज्ज-वच्छगोत्त सुत्तात तथागतांनीच नाकारला आहे. जे बुद्धिसंगत तेच बुद्धवचन, ही बाबासाहेबांची कसोटी लावली तर मेरू जातो. धम्माचे त्यात काहीच जात नाही.

हार्डी यांचा भिक्खुजीवनावरील आक्षेप मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही. भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव की समाजसेवक, हा प्रश्न 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनीही उपस्थित केला आहे. मिशनऱ्याने तो धम्माच्या खंडनासाठी विचारला, बाबासाहेबांनी धम्माच्या भवितव्यासाठी. त्याचे उत्तर आमच्या विहारांनी व भिक्खुसंघाने आपल्या कार्यातून द्यावयाचे आहे.