‘शारदे’तील लोभ

देवलांचे ‘संगीत शारदा’ शिकविताना जरठ-कुमारी विवाहाची रूढी आणि शारदेचे अश्रू यांपलीकडे आपण सहसा जात नाही. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘शारदा कायदा’ म्हणत, ते या नाटकावरून, असेही वर्गात सांगितले जाते. वस्तुतः ते नाव अजमेरच्या हरबिलास सारडा यांचे. १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीने शेजारच्या होळकरी राज्यात, इंदुरास, प्रथम रंगभूमीवर आणलेले हे नाटक आमच्या मते आधी लोभाचे प्रहसन आहे, करुण कथा नंतर.

मोलियरच्या १६६८ च्या ‘कृपणा’शी ते ताडून पाहावे. तेथील आर्पागाँ वयस्क आन्सेल्मला मुलगी द्यावयास निघतो, कारण तो हुंडा मागत नाही. आपला कांचनभट मुलीचे चक्क पैसे घेतो. एक खर्च वाचवितो, दुसरा मोल करतो. मुलीचे मन दोघांच्याही हिशेबात नाही. साठीच्या आर्पागाँला ‘मुलीला वृद्धच आवडतात’ असे भासविणारी फ्रोझीन आणि भुजंगनाथास तारुण्याच्या भ्रमात ठेवणारा भद्रेश्वर दीक्षित ही तर एकाच धंद्यातील भावंडे शोभतील. मोलियरचा सारा लोभ मुख्यतः एका माणसात साठला आहे. देवलांनी तो वर, बाप आणि मध्यस्थ यांत वाटून दिला, आणि त्यामुळे फसविणारा कोण व फसणारा कोण हे सांगणे कठीण झाले.

खरा उपरोध विवाहप्रसंगी आहे. मुलीची विक्री उघड दिसत असता मांडव हलत नाही. वधू-वर सगोत्र आहेत, हे कोदंडाने सांगताच मात्र तो हादरतो. हा योगायोगाचा तोडगा म्हणून टीकाकार देवलांस दोष देतात. आम्हांस तो दोष वाटत नाही. ज्या समाजाला पैशाचा विटाळ होत नाही, त्याला गोत्राचा होतो, हे देवलांनी नेमके ओळखले होते. एखादे भाषण ऐकून मंडळी विरघळली असती, तर ते नाटक खोटे झाले असते.

कोदंड मात्र फिका आहे. त्याच्या तोंडी नाटककाराची लेखणी व्याख्यानाकडे वळते. भद्रेश्वर बोलू लागला की ती पुन्हा नाटकाची होते. शालेय संमेलनांत शारदा आणि तिच्या मैत्रिणींचे प्रवेश हटकून निवडले जातात, पदे गोड आहेत म्हणून. एखाद्या वर्षी भद्रेश्वर-भुजंगनाथांचा प्रवेश घेऊन पाहावा. मुले हसतील, आणि कशाला हसलो हे त्यांना विचारता येईल.