'स्त्रियांविना नगरी' : एक परीक्षण

१० जून १९४० रोजी इटलीने ब्रिटन व फ्रान्स यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी कॅनडात स्थायिक झालेल्या इटालियनांची धरपकड सुरू झाली. सुमारे ३१,००० जणांची नोंद 'शत्रुराष्ट्रीय' म्हणून झाली व त्यांपैकी ६०० च्या आसपास लोकांना आरोपपत्राविनाच स्थानबद्ध करण्यात आले. मॉन्ट्रियलचा पत्रकार व नाट्यकर्मी मारिओ दुलियानी हा त्यांतील एक. पेटावावा व नंतर फ्रेडरिक्टन येथील छावण्यांत त्याने सुमारे ४० महिने काढले. त्या अनुभवावरील त्याचा फ्रेंच ग्रंथ १९४५ साली प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी तो इटालियनमध्ये व १९९४ साली इंग्रजीत आला. 'स्त्रियांविना नगरी' असा त्याच्या नावाचा अर्थ आहे.

ग्रंथाचे मर्म या नावातच आहे. तारेचे कुंपण, श्रम व सक्तीचा दिनक्रम या सर्वांपेक्षा स्त्रीची अनुपस्थिती हीच खरी शिक्षा, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मानवाच्या एकटेपणाविषयी परमेश्वराने दिलेला निवाडा ज्याने मनन केला आहे, त्याला हे प्रतिपादन उथळ वाटणार नाही. विवाह हा केवळ करार नसून सहजीवन आहे, हे सत्य येथे अभावातून प्रत्ययास येते.

तथापि ग्रंथाची मोठी उणीवही येथेच आहे. लेखकाने एका नगरीचे वर्णन केले. दुसरी नगरी, म्हणजे पतीविना राहिलेली घरे, त्याच्या दृष्टीच्या कक्षेबाहेर राहिली. दुकान चालवणे, मुलांना वाढवणे, शेजाऱ्यांचा संशय सोसणे आणि तपासनिसाच्या नजरेखालून जाणारी पत्रे लिहिणे, हा भार पत्नींनी वाहिला. तत्कालीन कायद्यानुसार, नागरिकत्व न घेतलेल्या इटालियनाशी विवाह करणारी कॅनडात जन्मलेली स्त्रीही परकी ठरत असे. ज्या विवाहाने तिला परकी केले, त्याच विवाहातील सहवास राज्यसत्तेने हिरावून घेतला. ग्रंथात पत्नी आठवणीचा विषय होते. साक्षीदार होत नाही.

दुसरी उणीव सुराची आहे. लेखक शासनाविषयी कडवटपणा टाळतो. ही ख्रिस्ती क्षमा आहे काय? क्षमेला अन्यायाचे नाव घ्यावे लागते; नाव न घेता केलेली क्षमा पुष्कळदा सावधगिरीच असते. नुकत्याच सुटलेल्या माणसाला दोष देणे कठीण आहे, परंतु वाचकाने हा भेद विसरू नये.

युद्धकाळात राज्याला आत्मरक्षणाचा अधिकार नाही काय, अशी शंका येथे कोणी घेईल. स्थानबद्धांपैकी काहींचा फॅसिस्ट संघटनांशी संबंध होता, हेही खरे. पण तो अधिकार व्यक्तिशः चौकशीचे कर्तव्य रद्द करीत नाही. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील प्रभूची आज्ञा आपण बहुधा पतिपत्नींनाच ऐकवतो. तिच्यातील 'मनुष्य' या शब्दात राजा व मंत्रीही येतात, याकडे आपले दुर्लक्ष होते. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम ११५१ सहजीवनाला दांपत्याचे कर्तव्य आणि हक्क असे दोन्ही म्हणते. प्रवचनात आपण कर्तव्य सांगतो. हक्काविषयी मौन बाळगतो.

हा विषय आपल्याला दूरचा नाही. त्याच युद्धात भारतातही इटालियन मिशनरी डेहराडूनच्या छावणीत स्थानबद्ध होते. आज गोव्यातील खलाशाची वा बेळगावच्या जवानाची पत्नी वियोग सोसते. तो वियोग उपजीविकेसाठी पत्करलेला असतो, लादलेला नसतो, म्हणून दोहोंची बरोबरी करता येणार नाही. परंतु आरोपपत्राविना तुरुंगात असलेल्या माणसाची पत्नी आपल्या धर्मग्रामात असेल, तर तिच्यासाठी दुलियानीच्या ग्रंथात उत्तर नाही. ते आपल्याला द्यावे लागेल. इब्रीकरांस पत्राचा तेरावा अध्याय बंदिवानांचे स्मरण करण्यास सांगतो. ते स्मरण बंदिवानाच्या घरापर्यंत पोहोचले पाहिजे.

२७ मे २०२१ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या स्थानबद्धतेबद्दल क्षमा मागितली. तोवर ८१ वर्षे लोटली होती. विवाहपूर्व वर्ग घेणाऱ्या धर्मशिक्षकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. मात्र वाचताना प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी थांबून, या वेळी घरी ती काय करीत असेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा.