चकाकी आणि पीळ

कतारगामच्या एका मराठी घरी देव्हाऱ्यापुढे लावलेली झालर आम्हांला मुद्दाम दाखविण्यात आली. दीड हात लांबीची, क्रोशाची नव्हे, केवळ साध्या सुईने गुंफलेली. नक्षी शंखांची आणि कमळांची. रेखाटन इतके डौलदार की आरंभी आम्ही त्याचेच कौतुक करीत राहिलो. मग जवळून पाहिले आणि वाईट वाटले. एकदाच धुतलेली ती झालर कडांनी आखडली होती. पाकळ्यांवरील जर जागोजाग उलगडून आतला पांढरा दोरा उघडा पडला होता, आणि जेथे जर नव्हती तेथे टाक्यांची घरे सैलावून एकमेकांत शिरली होती. घरच्या वहिनींचे हे आठ महिन्यांच्या दुपारचे काम. त्यांच्या हातात दोष नाही. दोष दोऱ्याच्या निवडीत आहे; आणि निवड हीही कलेचीच बाब असल्याने तीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

भरतकामात भार कापड वाहते. दोऱ्याने नुसते शोभायचे असते. सुईच्या लेसमध्ये कापडच नाही. कागदावर नक्षीच्या रेषा दोऱ्याने बांधून घ्यायच्या, त्या रेषांना धरून आतली जागा काजाच्या टाक्याने भरायची, आणि शेवटी खालचा कागद सोडवून घ्यायचा. सोळाव्या शतकातील व्हेनिसच्या स्त्रियांनी या कामाला ‘हवेतले टाके’ अशा अर्थाचे नाव दिले होते, ते अगदी यथार्थ आहे. हवेत उभ्या राहिलेल्या वस्तूला दोऱ्यावाचून दुसरा आधार तो कोणता? तेथे दोरा हाच ताणा, दोरा हाच बाणा.

आता कतारगामला सहज मिळणारा दोरा कोणता, ते पाहा. एके काळी पापडीच्या शेतांसाठी नावाजलेल्या या गावी आज हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने आणि भरतकामाची यंत्रे आहेत. या यंत्रांसाठी येणारा दोरा बहुधा १२० डेनिअरच्या दोन पदरांचा, पॉलिएस्टरचा किंवा व्हिस्कोसचा. त्याचे तंतू जवळजवळ सरळ ठेवलेले असतात, पीळ बेताचाच. म्हणून त्यावर प्रकाश आरशासारखा उजळतो. यंत्राच्या भरतकामाला हे योग्यच आहे. याच यंत्रांवर ‘केमिकल लेस’ही निघते. विरघळणाऱ्या कापडावर दाट भरतकाम करून मागाहून ते कापड नाहीसे करतात, आणि उरलेली जाळी सुईच्या लेससारखी दिसते. वहिनींनी बाजारात ती पाहिली आणि अनुमान केले की, तिला चालतो तो दोरा आपल्यालाही चालेल. अनुमान चुकीचे, पण हसण्याजोगे मुळीच नव्हे. यंत्राच्या लेसमध्ये वरचा आणि खालचा असे दोन दोरे शेकडो टाक्यांनी एकमेकांस जखडून टाकतात. हाताच्या काजात एकच दोरा स्वतःच्याच फासात उभा असतो. तो गुळगुळीत आणि पीळहीन असला की फास घसरलाच.

जरीची गोष्ट निराळी. सुरतेची जर म्हणजे चापट केलेली तार, बादला, सुताभोवती वा रेशमाभोवती गुंडाळून केलेला कसब. जरदोजीचा कारागीर कसब कापडावर निजवितो आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने टिपून धरतो, सुईच्या नाकातून शंभरदा ओढीत नाही. लेसमध्ये प्रत्येक काजाला दोरा स्वतःवरूनच घासत जातो. मग बादला सोलून निघाल्यास नवल काय? सुरतेच्या जरीला १९९९ च्या कायद्यान्वये भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु कायदा नावाचे रक्षण करतो, आपल्या टाक्याचे नव्हे. जर हवीच असेल तर ती नक्षीच्या बाह्यरेषेवर निजवावी आणि सुती काजांनी बांधावी. तेथे ती शोभते आणि टिकतेही.

कोणी दुकानदाराला दोष देऊ पाहतील. १९३० च्या मालविक्री कायद्याचे सोळावे कलम सांगते की, ग्राहकाने विक्रेत्याच्या जाणतेपणावर विसंबून आपला हेतू कळविला असेल तर माल त्या हेतूस योग्य असला पाहिजे. वहिनींनी मागितला होता ‘चकचकीत दोरा’. हेतू सांगितलाच नव्हता, तेव्हा आमच्या मते दुकानदार निर्दोष सुटतो.

दुसरा एक घोटाळा क्रमांकांचा. डेनिअर म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचे ग्रॅममधील वजन. आकडा वाढला की दोरा जाड. सुताच्या नंबरात याच्या उलट, आकडा वाढला की सूत बारीक. एकाच दुकानात दोन्ही भाषा बोलल्या जातात आणि नवखे माणूस ‘मोठा आकडा द्या’ म्हणून फसते.

मग घ्यावे काय? अनेक पदरी, कडक पिळाचे सूत, मिळाल्यास तागाचे. आमच्या वाचकांना पिळाचे महत्त्व परक्याने शिकवायला नको. ज्या घरांत टकळीवर जानव्याचे सूत निघत असे, तेथे नऊ तंतूंचा तिपेडी पीळ मुलांनाही ठाऊक होता. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही म्हण आपण दुराग्रहावर खर्च केली. लेसच्या दोऱ्याला ती स्तुती म्हणून लागू पडते. परीक्षा सोपी आहे. हातभर दोरा ताणून दोन्ही टोके जवळ आणावीत. तो आपणहून स्वतःभोवती वळला तर पीळ आहे. मग त्याच दोऱ्याच्या काजांच्या वीस ओळी विणाव्यात, धुवाव्यात, वाळवाव्यात, आणि नंतरच निर्णय घ्यावा. कोरे सूत आधी भिजवून आटवावे. या झालरीच्या बाह्यरेषा कोऱ्या सुताच्या होत्या, भरणा पॉलिएस्टरचा; पाण्यात रेषा आटल्या, भरणा आटला नाही, म्हणून कडा आखडल्या.

रेशीम सर्वस्वी त्याज्य आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तुर्की स्त्रियांची ‘ओया’ रेशमाचीच असे. पण तिच्यात प्रत्येक टाक्याला गाठ बसते, म्हणून निसरडा दोराही तेथे निभावतो. साध्या काजाला ती सवलत नाही.

देवाघरच्या वस्तूला चकाकी हवी, हे आम्हांलाही मान्य. ताणून धरून कॉस्टिक सोड्यात बुडविलेल्या, म्हणजे मर्सराइज्ड, सुताला मंद तेज येते आणि ते धुण्याने जात नाही. समईच्या उजेडाला तेवढे पुरे.

परवा पुन्हा त्या घरी जाणे झाले. झालर तशीच लटकत होती; वहिनींनी ती उतरवू दिली नाही. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर मात्र वीस-वीस ओळींचे तीन चौकोनी तुकडे धुऊन वाळत ठेवलेले होते, आणि प्रत्येकाला सुताच्या नंबराची चिठ्ठी टाचलेली होती.