साखळी, कंकण आणि सत्यपाश : ‘वंडर वूमन’मधील अंतर्विरोध

१९४१च्या अखेरीस अमेरिकेतील ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या आठव्या अंकात अवतरलेल्या ‘वंडर वूमन’कडे स्त्रीमुक्तीचे प्रतीक म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. १९७२मध्ये ‘मिस’ या स्त्रीवादी नियतकालिकाने तिला मुखपृष्ठावर आणले आणि हा प्रघात दृढ झाला. तथापि तिच्या कथांत सतत आवर्तणारी साखळीची प्रतिमा या सरळ वाचनाला अडथळा आणते.

बेड्या ही मताधिकार चळवळीची परिचित चिन्हभाषा होती आणि या वारशाशी निर्मात्याच्या घराचे थेट नाते होते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन, त्यांच्या विधिपदवीधर पत्नी एलिझाबेथ होलोवे आणि ऑलिव्ह बर्न एकत्र राहत. ऑलिव्ह या संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्या भाची. त्यांच्या आई एथेल बर्न यांनी १९१७मध्ये याच कार्यापायी तुरुंगवास पत्करून उपोषण केले होते. ऑलिव्ह यांच्या हातांतील कंकणेच नायिकेच्या मनगटांवर आली. पुरुषाने त्या कंकणांना साखळी जोडली की तिचे बळ नाहीसे होते, हा कथांतर्गत नियम या संदर्भात राजकीय अर्थ धारण करतो.

परंतु प्रेममय अधिकारापुढील शरणागती सुखद असते, हाही मार्स्टन यांचा सिद्धान्तच होता. १९४३मध्ये प्रकाशनसंस्थेच्या सल्लागार मंडळातील जोसेट फ्रँक यांनी या बंधनदृश्यांना आक्षेप घेतला. त्यांचा आक्षेप निव्वळ सोवळेपणाचा मानणे अन्यायाचे होईल. मार्स्टन स्त्रीला समतेऐवजी श्रेष्ठत्व देऊ करतात, आणि या श्रेष्ठत्वाचे स्वरूप ठरवण्याचा अधिकार मात्र स्वतःकडे राखतात.

चरित्र हा अंतर्विरोध मिटवत नाही. उलट अधिक तीव्र करते. एलिझाबेथ यांनी अर्थार्जनाचा मोठा भार वाहिला, ऑलिव्ह यांनी चारही मुले वाढवली. कथांवर नाव आले ते ‘चार्ल्स मोल्टन’ या टोपणनावाचे. असत्यशोधक चाचणीच्या आद्य संशोधकांपैकी एकाने नायिकेच्या हाती सत्य वदवणारा पाश दिला, पण स्वतःच्या कुटुंबाचे सत्य समाजापासून दडवले. ऑलिव्ह यांच्या दोन्ही मुलांना आपला पिता कोण, हेदेखील दीर्घकाळ सांगितले गेले नाही.

म्हणून या संहितेला निर्दोष स्त्रीवादी ठरवणे किंवा पुरुषी कल्पनाविलास म्हणून निकालात काढणे, दोन्ही अपुरे आहे. मार्स्टन १९४७मध्ये वारल्यानंतरही त्या दोघी एकत्र राहिल्या. त्यांचे ते दीर्घ सहजीवन लेखकनामाच्या चौकटीत मावत नाही. स्त्रीवादी समीक्षेने लेखकाच्या हेतूपेक्षा त्या हेतूमागे अदृश्य राहिलेल्या श्रमाचा शोध घ्यायला हवा, तो याचसाठी.