९२ टक्क्यांच्या मागे काय आहे?

एखाद्या ग्रामीण भागाला आरोग्याच्या कोणत्या सोयी हव्यात, हे कसे ठरवायचे? सर्वांत सोपी वाट म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राची नोंदवही उघडायची. तापाचे किती, हगवणीचे किती, खोकल्याचे किती, हे मोजले की झाले. पण वहीत नावे असतात ती केंद्रापर्यंत पोचलेल्यांची. जे आलेच नाहीत ते निरोगी होते, की लाजेमुळे, अंतरामुळे, मजुरी बुडेल म्हणून घरी राहिले? वही याबद्दल गप्प असते.

या प्रश्नाला थेट हात घालणारा एक अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच झाला. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत तो केला. त्यावरचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. भाषणांतून आणि लेखांतून त्यातला एकच आकडा फिरत राहिला : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग. माझ्या मते तो या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा आकडा नव्हे, आणि सर्वांत भक्कम तर नव्हेच.

आधी पद्धत पाहू. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया न निवडता गावातल्या स्त्रियांनाच, तक्रार असो वा नसो, तपासणीला बोलावले गेले. अशा ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्क्यांनी काही ना काही तक्रार सांगितली, ४५ टक्क्यांची तक्रार नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक किंवा अधिक विकार आढळले. सरासरी काढली तर दर स्त्रीमागे ३.६ विकार. यांतले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि यापूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त ८ टक्के.

हे तीन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून नववी-दहावीच्या मुलांना एक हिशेब घालावा. शंभर स्त्रियांपैकी ५५ जणींची तक्रार आहे, ९२ जणींना विकार आहे. तक्रार असलेली प्रत्येक स्त्री आजारीच होती असे धरले, तरी तक्रार नसताना विकार असलेल्या कमीत कमी किती? ९२ वजा ५५, म्हणजे ३७. संचांच्या छेदाचा एवढा अर्थपूर्ण दाखला पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. या ३७ जणी ना नोंदवहीत येतील, ना "काय होतंय?" या प्रश्नाच्या उत्तरात. यात वैद्यकीयदृष्ट्या अशक्य काही नाही. गर्भाशयमुखाचे कित्येक संसर्ग काहीही लक्षण न दाखवता राहतात आणि पुढे वंध्यत्वापर्यंत नेऊ शकतात.

आता ९२ बद्दलची माझी शंका. 'विकार आहे' हे ठरते ते विकारांच्या यादीवर आणि प्रयोगशाळेच्या कसोट्यांवर. यादी लांब केली की टक्केवारी वाढते. सौम्य दाह आणि गंभीर संसर्ग दोन्ही 'एक विकार' म्हणूनच मोजले जातात. शिवाय गावातल्या सगळ्याच पात्र स्त्रिया तपासणीला आल्या नव्हत्या. त्रास असलेल्या अधिक आल्या असतील, ही शक्यता राहतेच. गावे दोनच. नंतर भारतात इतरत्र झालेल्या पाहण्यांतले आकडे एकमेकांपासून बरेच दूर आहेत, आणि त्याचे एक कारण व्याख्यांमधला फरक हे आहे. तेव्हा दोन गावांचा आकडा 'भारतातल्या ९२ टक्के स्त्रिया' असा सांगणे चूक आहे. ही चूक निबंधाच्या लेखकांची नव्हे, तो उद्धृत करणाऱ्यांची आहे.

८ टक्क्यांचे तसे नाही. व्याख्या कडक करा, सैल करा, यादी निम्मी करा. पूर्वी तपासणी झाली होती की नाही याचे उत्तर त्याने बदलत नाही. गरज आणि सोय यांतली दरी दाखवणारा खरा आकडा हा आहे. याच गटाने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीतल्या ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली, तेव्हा डॉक्टरांनी पाहिलेली बाळे २.६ टक्केच निघाली. विषय वेगळा, दरी तीच.

निबंधात एक उणीव मात्र जाणवते. डॉक्टरला सापडलेला विकार आणि बाईला वाटणारी गरज या दोन गोष्टी एक नाहीत. अंगावरून पांढरे जाणे हा आजार आहे, की बाईच्या जातीला असायचेच, हे तिचे तिने कसे ठरवले? टक्केवारीतून हे कळत नाही. लेखकांनाही हे जाणवले असावे, कारण ग्रामीण स्त्रिया या त्रासाकडे कसे पाहतात यावर त्यांचा स्वतंत्र लेख १९९४ मध्ये आला. दोन्ही एकत्र वाचले तरच चित्र पुरे होते. आणखी एक : स्त्रियांची गर्भनिरोधक साधने आणि हे विकार यांत संबंध आढळला, पण त्याने थोड्याच विकारांचा उलगडा होतो, असे निबंध स्वच्छ सांगतो. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय हे कळत नाही. तरी हे वाक्य वगळून तो संबंध सांगण्याचा मोह अनेकांना होतो.

निबंध आला तेव्हा सरकारी कार्यक्रमात खेड्यातली स्त्री दिसे ती गरोदर म्हणून किंवा कुटुंबनियोजनाची 'केस' म्हणून. १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा जननमार्गाच्या संसर्गांना त्यात जागा मिळाली. पण उपचार बहुधा लक्षण ऐकून द्यायचे ठरले. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी ते समजण्याजोगे आहे. वरच्या हिशेबातल्या ३७ जणींना मात्र ती पद्धत गाठत नाही.

शाळांतून गावपाहणीचे प्रकल्प होतात, म्हणून शेवटी एक सूचना. मुले ओट्यावरच्या कर्त्या पुरुषाला विचारतात, "घरात कोणी आजारी आहे का?" तो "नाही" म्हणतो, आणि तक्त्यात शून्य पडते. तेच घर दुसऱ्या दिवशी, आशा कार्यकर्तीबरोबर, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून पुन्हा विचारावे. दोन्ही दिवसांची उत्तरे, नावे गाळून, वेगवेगळ्या रकान्यांत लिहावीत. पहिला रकाना खोडू नये.